दुमडलेली सतरंजी

“सतरंजी नेहमीसारखीच टाका, बब्रुवान. दुमडून.”

सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन आटोपलं होतं. सरपंच कोंडीराम ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभे राहून दात कोरत होते. बब्रुवान “व्हय” म्हणाला. ग्रामपंचायतीचा शिपाई तो. उभ्या नोकरीत त्याच्या तोंडून दुसरा शब्द कुणी ऐकला नव्हता.

परंड्याकडच्या या गावात ग्रामसभेची एक रीत पडून गेली होती. सतरंजी टाकायची. पाच-सात जण यायचे. घटकाभर वाट पाहायची आणि माणसं पुरेशी नाहीत म्हणून सभा तहकूब करायची. तहकूब सभा पुन्हा भरली की तिला किती माणसं हवीत याचं बंधन नसतं. मग चार दिवसांनी तेच पाच-सात जण बसायचे आणि गावाचं काय करायचं ते ठरवून चहा पिऊन उठायचे.

आणि गाव तरी कुठं जागेवर असायचं? दिवाळी सरली की दारात ट्रॅक्टर लागायचे, भांडीकुंडी चढायची, अर्धं गाव ऊस तोडायला निघून जायचं. मागं राहायची म्हातारी आणि काही लेकरं. एवढ्यांसाठी सबंध सतरंजी कशाला? म्हणून बब्रुवान ती मधोमध दुमडायचा. वर्षानुवर्षं. तिच्यावर घडी उमटली होती, कपाळावर आठी उमटावी तशी.

“आन् ऐका,” सरपंच खालच्या आवाजात म्हणाले, “तुमची सून मोबाईलवर लई लिहिती म्हणं. तुमची नोकरी ग्रामपंचायतीची हाय, एवढं ध्यानात असू द्या.”

“व्हय,” बब्रुवान म्हणाला.

*

सून, म्हणजे मंजुषा. बारावी पास. नवऱ्याच्या, बजरंगच्या जोडीनं ती उसाच्या फडात कोयता चालवायची. गाडी भरायला यायला उशीर झाला की उसाच्या वाळल्या पाल्यावर, पाचटावर बसून मोबाईलवर लिहायची. तिच्या ब्लॉगचं नावच ‘पाचटावर बसून’ असं होतं. त्यातला पंधरा दिवसांपूर्वीचा मजकूर असा:

*आमची आरोही आठ वर्षांची आहे. शाळा बुडू नये म्हणून तिला मामांपाशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांपाशी गावात ठेवलं. मामांची भाकरी करपते, म्हणून पोरगी स्वतः करायला गेली आणि तव्यावर हात भाजला. फोनवर हसत सांगत होती.*

*गावात हंगामी वसतिगृह झालं तर अशा सगळ्या लेकरांना दोन वेळचं जेवण मिळेल. जागा आहे. समाजमंदिर आहे. पण त्यात सरपंचांची सोयाबीन आहे. यंदा ग्रामसभेत हे ठरलं नाही तर आम्ही आरोहीला इकडं आणणार. मग शाळा संपली.*

*आपण सभेला जाऊ शकत नाही. पण प्रत्येकाचं एक माणूस गावात आहे. त्याला फोन करा. म्हणा, माझ्या जागी बस.*

खाली माणसांनी लिहिलं होतं.

*कुमार:* ताई, आम्ही कर्नाटकात आहे. टोळीत सगळ्यांना वाचून दाखवलं. आईला फोन लावतो.

*करिश्मा:* सासूबाई म्हणतात मला सभेतलं काय कळतंय. म्या म्हणलं बसायला काय कळावं लागतंय?

*धनाजी:* लिहून काय व्हतंय वहिनी? सोयाबीन हलणार न्हाय.

आणि त्याच्याच खाली दोन दिवसांनी:

*धनाजी:* चुलत्याला पाठवतोय.

बब्रुवान हे सारं चष्मा पुसून-पुसून वाचायचा. आपल्या सुनेला इतकी माणसं ‘ताई’, ‘वहिनी’ म्हणतात याचं त्याला नवल वाटायचं. तिच्याशी मात्र तो फोनवर “जेवली का?” यापुढं कधी बोलला नव्हता.

*

त्यानं सतरंजी बाहेर आणली. नेहमीसारखी दुमडून टाकली. मग उभा राहिला. मग वाकला आणि खाली दुमडलेली बाजू ओढून पलीकडं पसरली.

अन् बघतच राहिला. अर्धी सतरंजी विटून मातीच्या रंगाची झालेली आणि अर्धी, जी इतकी वर्षं खाली दडपलेली होती, ती लालभडक, निळी, दुकानातून आजच आणल्यासारखी. त्याला आठवेना, ही सबंध सतरंजी आपण शेवटची कधी पाहिली.

“बब्रुवाननाना, कुठं बसू?” काठी टेकत म्हाळसाबाई आली. “म्या आमच्या कुमारच्या जागी आले.”

तिच्या मागून आलेला हरिबा म्हणाला, “कुमार शाळंतबी मागच्या बाकावर बसायचा. बस की मागं.”

“तू कुणाच्या जागी?”

“पुतण्याच्या. धनाजीच्या.”

“मग तू उठून बाहेर जा. त्यो शाळंत बसायचाच न्हाय.”

माणसं हसली. हसणारी माणसं होती, हेच नवल. एकेक करत म्हातारे येत होते, सासवा येत होत्या, कडेवर नातवंडं घेऊन. विटकी बाजू भरली, लाल बाजू भरली. उरलेले मातीवर टेकले. ग्रामसेवकानं बोट फिरवून डोकी मोजली, पुन्हा मोजली, आणि सरपंचांकडं बघत म्हणाला, “माणसं पुरी झाली, साहेब. सभा घ्यावी लागंल.”

“ही पढवून आणल्याली माणसं हायत,” कोंडीराम म्हणाले.

“व्हय, पढवलंय,” म्हाळसाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. “माझ्या लेकानं फोनवर पढवलंय. तू मत मागाया दारात आला व्हतास, तवा तुला कुणी पढवलं व्हतं? पाया पडला व्हतास माझ्या.”

समाजमंदिराचा विषय निघाला. सरपंचांनी अडचणी सांगितल्या. वीज नाही, पाणी नाही, वरून मंजुरी यायला हवी.

“वरची मंजुरी वरून यिऊ द्या,” हरिबा म्हणाला. “आपल्याकडनं मागनी तर जाऊ द्या. सोयाबीनला गावात घर हाय आन् लेकरांना न्हाय, हे काय बरं दिसतंय का?”

“मग सोयाबीन कुठं टाकू म्या?”

“तुझ्या माडीवर! रिकामीच हाय की.”

पुन्हा हसू उठलं. आता कोंडीरामही कसनुसं हसले. एवढ्या माणसांपुढं करणार काय? “करा हात वर,” ते म्हणाले.

हात वर झाले. बांगड्यांचे, सुरकुतलेले, एका कडेवरच्या नातवाचासुद्धा.

बब्रुवान दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होता. सभेत त्यानं कधी हात वर केला नव्हता. कुणी मना केलं नव्हतं. हात रिकामे नसायचे, इतकंच. ट्रे असायचा, किल्ल्या असायच्या, सतरंजी असायची. बजरंग चौथीत होता तेव्हा त्याची आई सिताबाई त्याला सोबत फडात घेऊन गेली होती. मागं लेकराला रांधून घालणार कोण? त्याची शाळा त्या उसातच राहिली. तेव्हाही एखादी सभा झालीच असेल. बब्रुवाननं तेव्हाही सतरंजी टाकली असेल.

त्यानं ट्रे पायरीवर ठेवला. एक पेला कलंडला, चहा लाल बाजूवर सांडला. त्यानं हात वर केला.

सरपंचांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

“बब्रुवान, झालं मंजूर. घ्या हात खाली.”

“घेतो,” बब्रुवान म्हणाला. “जरा येळानं घेतो.”

*

सगळे गेल्यावर तो लाल बाजूवर मांडी घालून बसला. सतरंजीवर बसण्याची त्याची ती पहिलीच वेळ. एकेक अक्षर शोधत त्यानं सुनेच्या मजकुराखाली लिहिलं:

*बब्रुवान:* मंजुषा, सभा झाली. सतरंजी पुरली नाही, माणसं मातीवर बसली. आरोहीला नेऊ नको. सुनेचे आभार मानायची रीत आपल्यात नाही, म्हणून इथं लिहितो.

मग तो उठला. धुळीच्या पावलांनी लाल बाजू भरून गेली होती. घडी घालायला गेला तर सतरंजी सवयीनं जुन्या आठीवरच मोडू लागली. त्यानं हात थांबवला. ती पुन्हा सबंध पसरली आणि एका टोकापासून न दुमडता गुंडाळत आणली.

झटकली मात्र नाही.