माझ्या लाल च ची हकिकत

मी एक जुना कळफलक आहे. माझ्या उजव्या बाजूचे एक बटण बाकीच्यांपेक्षा किंचित उंच आहे आणि त्यावर लाल नेलपॉलिशने 'च' काढलेला आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तो बघून हसतो. हसू दे. मित्रांनो, त्या लाल च ची हकिकत ऐकलीत तर तुम्हीही हसाल, फक्त जरा वेगळ्या कारणाने.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवते ती दिल्लीच्या नेहरू प्लेसमधली दुकानाची काच. माझ्या प्रत्येक बटणावर दोन अक्षरे छापलेली, एक इंग्रजी आणि एक देवनागरी. म्हणून शेजारचे गुळगुळीत इंग्रजी कळफलक मला 'दुभाष्या' म्हणून चिडवत. मी दीड वर्ष तिथे पडून होतो. मग एके दिवशी श्यामकांत आले. केंद्र सरकारच्या एका कचेरीत त्यांनी चौतीस वर्षे अनुवादक म्हणून काढली होती आणि त्या आठवड्यात ते निवृत्त व्हायचे होते. त्यांनी मला उचलले, च वर बोट ठेवले आणि दुकानदाराला म्हणाले, "यही चाहिए।"

"अंकल, यह तो कोई लेता ही नहीं," दुकानदार म्हणाला. त्याने मला फडक्याने पुसले तेवढे बरे केले.

तेव्हापासून मी मयूर विहारच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, बैठकीच्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर राहतो. सकाळी माझ्यावर श्यामकांतांची बोटे पडतात, संध्याकाळी त्यांच्या नातीची. नात मैत्रेयी. मी आलो तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि मला तबल्यासारखे वाजवायची. आता ती कॉलेजात संगणक शिकते, मेट्रोने जाते-येते.

मित्रांनो, पडद्याला स्वतःबद्दल फार अभिमान असतो, कारण जगाला तो दिसतो. पण पडद्यावर शेवटी जे उरते तेवढेच दिसते. आधी काय लिहिले आणि काय खोडले, ते फक्त मला कळते. श्यामकांतांनी एका सभासदाला 'मूर्ख' लिहून खोडले, मग 'भोळा' लिहून खोडले आणि शेवटी 'मित्रवर्य' लिहिले, हे त्या मित्रवर्याला कधीच कळले नाही. मला मात्र त्या दिवशी फार बरे वाटले होते.

हे सगळे चालायचे 'खटपट' नावाच्या चर्चास्थळावर. तिथे देशोदेशीची मराठी माणसे तंत्रज्ञान, विज्ञान आणि मुक्तस्रोत बातम्यांवर वाद घालतात. मुक्तस्रोत म्हणजे ज्यांची आतली घडण सगळ्यांना उघडी असते अशी संगणकाची साधने. कुणीही बघावे, दुरुस्त करावे, पुढे द्यावे. वाद कशावरही होई. यंत्राने लिहून दिलेला प्रोग्राम स्वीकारावा का, चंद्रावरच्या पाण्याची बातमी कितपत खरी धरावी, एवढेच काय, 'मुक्तस्रोत' म्हणावे की 'खुला स्रोत', यावर अकरा दिवस रणकंदन झाले. तिथे 'निवृत्त' या टोपणनावाने लिहिणाऱ्या श्यामकांतांचे नेहमीचे प्रतिपक्षी म्हणजे पुष्कर. ते पानिपतात चादरींच्या कारखान्यातले संगणक सांभाळत. वाद हरले की ते लिहीत, "मी पानिपतावरच राहतो, मला सवय आहे." मग श्यामकांत एकटेच खुदखुदत.

आता च कडे येतो, कारण कळीचा मुद्दा तोच आहे. वादात च फार लागतो. 'मी म्हणतो तेच बरोबर', 'हे असेच असते', 'मी आधीच सांगितले होते'. श्यामकांत प्रत्येक च वर जरा जास्त जोर देत. संध्याकाळी मैत्रेयी प्रोग्राम लिही, तेव्हा ओळीच्या शेवटी अर्धविराम लागे, आणि इंग्रजीत ते चिन्हही त्याच बटणावर आहे. आजोबा आणि नात, दोघांनी मिळून माझे ते एक बटण इतके झिजवले की त्यावरची दोन्ही अक्षरे पुसून गेली.

मध्ये माझ्यावर संकट आले होते. मैत्रेयीची आई सुनेत्रा नोएडात नोकरी करते. तिने एक पातळ, बिनवायरचा कळफलक आणला आणि म्हणाली, "बाबा, हा जुना आता सीरियसली टाकून देऊ या ना. किती आवाज करतो."

"त्याचा आवाज आला की मला कळतं मी काम करतोय," श्यामकांत म्हणाले. नवा कळफलक कपाटात गेला. मी दोन दिवस ऐटीत होतो.

मग गेल्या हिवाळ्यातली ती गोष्ट घडली. आकाशातले तारे दाखवणारे एक मुक्तस्रोत साधन आहे. ते मराठीत आणायचे काम मैत्रेयीने अंगावर घेतले. घरात कुणाला सांगितले नाही. अनुवादकांच्या यादीत तिने नाव दिले ते 'दिल्लीकर'. तिच्या मनात बेत होता. आजोबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस जवळ आला होता, त्या दिवशी ते साधन मराठीत उघडून त्यांच्यापुढे ठेवायचे. चार महिने ती रोज संध्याकाळी थोडे थोडे लिहीत होती. 'धूमकेतू', 'ग्रहण', 'क्षितिज'. शब्द अडला की ओठ चावत बसे. नवी आवृत्ती एका रविवारी संध्याकाळी सहाला निघणार होती आणि साठ वाक्ये उरली होती. ती पुरी झाली नाहीत तर मराठी वगळून ती आवृत्ती निघणार होती.

त्याच आठवड्यात मंगळवारी खटपटवर कुणीतरी एक चित्र टाकले. साधनाचे इंटरनेट तुटले की पडद्यावर एक सूचना येते. तिथे 'पुन्हा प्रयत्न करा' हवे होते. मैत्रेयीने लिहिले होते, 'पुन्हा चेष्टा करा'.

तिला दोष कसा देऊ? हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. शाळेत, मेट्रोत, मैत्रिणींत ती दिवसभर तीच भाषा बोलते. शब्द कानाला शुद्ध वाटला, भारदस्त वाटला, तिने लिहून टाकला. तो मीच उमटवला होता आणि मला वाटले होते, मुलीने छान शब्द शोधला.

खटपटवर हशा पिकला. पुष्करांनी लिहिले, "वाद हरल्यावर आता संगणकही म्हणणार, पुन्हा चेष्टा करा." ते गमतीचे होते. पण मग श्यामकांत बसले. हिंदीत अर्थ काय होतो हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? तरी त्यांनी लिहिले, "दिल्लीकर महाशयांनी मराठीवर उपकार करणे थांबवावे. ज्याला आपली भाषा येत नाही, त्याने तिला हात लावू नये." मित्रांनो, मी वाट बघत होतो. नेहमी ते काहीतरी खोडतात. त्या दिवशी एक अक्षरही खोडले नाही.

संध्याकाळी मैत्रेयीने ते वाचले. 'निवृत्त' हे टोपणनाव कुणाचे, हे तिला पक्के ठाऊक होते. तिने साधनाच्या प्रमुखांना लिहायला घेतले, "मला मराठी येत नाही. मी हे काम सोडते आहे." मग तिने 'सोडते आहे' खोडले, पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले, पुन्हा लिहिले. पत्र न पाठवता तसेच ठेवून ती उठली. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण कळफलकाला कुणी दाबल्याशिवाय बोलता येत नाही. मी त्या रात्रीइतका हताश कधी झालो नव्हतो.

बुधवारी श्यामकांत पुन्हा त्याच विषयावर बसले. कुणीतरी दिल्लीकराची बाजू घेतली होती, ती त्यांना खोडून काढायची होती. "अशा माणसाला मराठी येतच नाही," हे ते लिहीत होते. त्या च वर त्यांनी असे काही बोट आपटले की माझे ते झिजलेले बटण खाली मुळापासून तुटले आणि उडून दिवाणाखाली गेले. लोक म्हणतात की भांडखोर माणूस कळ काढतो. इथे खरोखरच निघाली.

पुढचे दोन दिवस मजेचे गेले. श्यामकांतांचा हट्ट मोठा, नव्या कळफलकाला हात लावणार नाहीत. ते च शिवाय लिहू लागले. 'मी म्हणतो तेच बरोबर' लिहिता येईना, म्हणून 'मी म्हणतो ते बरोबर असावे' लिहिले. 'चूक' ऐवजी 'जरा वेगळे', 'चर्चा' ऐवजी 'बोलणे'. शुक्रवारी पुष्करांनी काळजीने विचारले, "निवृत्तराव, तब्येत बरी आहे ना? तुम्ही दोन दिवस फार सौम्य लिहिता आहात."

शनिवारी सकाळी श्यामकांत शरण आले. मैत्रेयी मंगळवारपासून माझ्याकडे फिरकली नव्हती. त्यांनी हाक मारली, "मैत्रेयी, जरा बघतेस का? च चालत नाही."

ती आली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला च कशाला हवाय आजोबा? चेष्टा लिहायला?"

"काय?"

"तो दिल्लीकर मी आहे."

मैत्रेयी बोलत राहिली. "चार महिने करत होते मी. तुमच्या बर्थडेला दाखवणार होते. अच्छा झालं आधीच कळलं. आजोबा, मला बिल्कुल माहीत नव्हतं मराठीत चेष्टा म्हणजे मजाक. मी सोडतेय ते. लेटर पण लिहून ठेवलंय."

श्यामकांत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी सव्वीस वर्षांचा होतो. सांगलीहून नुकताच आलेला, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये एका मित्राकडे राहायचो. पहिलाच अनुवाद केला. माझे वरिष्ठ होते वर्मासाहेब, त्यांनी कागदावर शेरा मारला, 'इनकी चेष्टा सराहनीय है।' मला वाटलं, मी टवाळी करतो असं ते म्हणतायत. तरातरा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, साहब, मैंने किसी की चेष्टा नहीं की।"

मैत्रेयीच्या ओठाचा कोपरा हलला. "मग?"

"ते म्हणाले, अरे, की तो है, और बहुत अच्छी की है। मी आणखी भडकलो. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आधी उठून दार लावलं, बाहेरच्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. चहा मागवला. आणि मग समजावून सांगितलं. शेवटपर्यंत त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. आणि मी तुझ्या बाबतीत सगळं दार उघडं टाकून ओरडलो. माफ कर, बाळ."

मैत्रेयी आत जाऊन स्क्रू ड्रायव्हर आणि कान साफ करायची काडी घेऊन आली. तिने मला उलटे केले आणि माझ्या पोटातून पंधरा वर्षांचा चिवडा, धूळ आणि एक तीळ काढला. तुटलेले बटण काही जोडता येईना. तेव्हा वरच्या ओळीतले एक बटण, ज्याचा उपयोग या घरात कुणालाच कधी कळला नव्हता, ते खालच्या तुकड्यासकट काढून तिने च च्या जागी बसवले आणि आईच्या नेलपॉलिशने त्यावर अक्षर काढले.

ते वाळल्यावर श्यामकांत खटपटवर लिहायला बसले. "हिंदी आणि मराठीतल्या साम्यामुळे" असे लिहिले आणि खोडले. "वास्तविक माझा उद्देश" असे लिहिले आणि खोडले. मैत्रेयी मागे उभी राहून बघत होती. शेवटी त्यांनी नवे बटण दोनदा, अगदी हलक्या बोटाने दाबले आणि दोनच शब्द लिहिले.

"चूक माझीच."

त्याखाली त्यांनी वर्मासाहेबांची सगळी हकिकत लिहिली. दहा मिनिटांत पुष्करांचे उत्तर आले, "हे पानिपत नाही, निवृत्तराव. दिल्लीकर हे वाचत असतील तर त्यांनी सांगावे, काही वाक्ये उरली असतील तर मी आज मोकळा आहे."

मैत्रेयीने ते ठेवलेले पत्र उघडले आणि माझे खोडायचे बटण दाबून धरले. ते संपेपर्यंत मी श्वास रोखून होतो. मग ती म्हणाली, "पण मला अजूनही सगळे शब्द नाही येत."

"मला तरी कुठे येतात? तू बस. आणि हे बघ," श्यामकांत हसून म्हणाले, "पुन्हा चेष्टा कर."

साठ वाक्ये तिघांनी मिळून रविवारी पाच वाजायच्या आत संपवली. 'पुन्हा प्रयत्न करा' हे मैत्रेयीने स्वतः दुरुस्त केले. वाढदिवसाच्या दिवशी श्यामकांतांनी ते साधन उघडले, पण तारे बघितलेच नाहीत. अनुवादकांच्या यादीतले 'दिल्लीकर' हे नाव तेवढे ते बघत बसले. आता या घरात पोळी करपली, मेट्रो चुकली, परीक्षेत गुण कमी पडले की कुणीतरी हमखास म्हणते, पुन्हा चेष्टा कर.

मित्रांनो, मी काही फार मागत नाही. माझ्यावर चिवडा सांडू नका, अधूनमधून उलटा करून झटका. मी थकलो आहे, पण अजून चालतो. आणि कुणाला चार शब्द सुनवायचे झाले तर माझे खोडायचे बटण आधी आठवा, ते मी मुद्दाम मोठे ठेवले आहे. च मात्र जपून दाबा. माझ्या लाल च वरचा रंग आता पुन्हा उडायला लागला आहे, कारण आजोबा रोज वाद घालतात आणि आठवड्यातून एकदा तरी त्यांना ते दोन शब्द लिहावे लागतात. मैत्रेयीने नेलपॉलिशची बाटली टेबलाच्या खणातच ठेवली आहे.