लोखंडाला नेसवलेलं सोवळं

"बोला, वज्रमुष्टी महाराज की—"

"जय!"

रविवारी सकाळी साडेसातला हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या आमच्या जिममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रेडमिलवर चपला, डंबेलच्या रॅकवर हार, आरशासमोर समई. खांद्याच्या दुखण्यापायी डॉक्टरांनी मला इथे धाडलं, आणि एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसावर उदबत्तीच्या धुरात हात वरखाली करायची पाळी आली. माझा नुसता जळफळाट होत होता.

महाराजांनी गर्दीतून अरविंद नावाच्या एका संगणकवाल्याला पुढे ओढलं. आधी 'शुद्धी' म्हणून त्याच्या तळहातांना तेल चोळलं. "उचल." अरविंदनं ऐंशी किलोचा बार गुडघ्यापर्यंत आणला आणि तो हातातून निसटला. मग महाराजांनी तेल पुसलं, पांढरं भस्म चोळलं, कानात काहीतरी पुटपुटले. "आता उचल." बार सरळ कमरेपर्यंत आला. टाळ्या, शिट्ट्या. अरविंदच्या डोळ्यांत चक्क पाणी.

"हातात बहात्तर हजार नाड्या असतात," महाराज गरजले. "त्यातल्या एकाहत्तर हजार तुमच्या मोबाईलनं बंद पाडल्या! उरलेल्या हजारांवर तुम्ही दिवसभर माउस हलवता. मूठ येणार कुठून? मूठ कमवायची नसते, बाळांनो. मूठ उतरते. वरून!"

"वरून म्हणजे कुठून?" मी विचारलं.

"क्वांटममधून," म्हणाले आणि पुढे सरकले.

मग मुख्य प्रयोग. दोनशे किलोचा बार. महाराजांच्या दोन्ही मनगटांवर रुंद रेशमी गंडे होते आणि गंड्यांची लांब टोकं खाली लोंबत होती. "लोखंड म्हणजे शनी. त्याला तसंच शिवायचं नाही. आधी सोवळं नेसवायचं." असं म्हणत त्यांनी त्या टोकांचे बारला सात-सात वेढे दिले. एका शिष्यानं समोर शाल धरली, घंटा वाजली, शाल बाजूला झाली. महाराज ताठ उभे, दोनशे किलो हातात, आणि प्रत्येक हाताची फक्त तीन बोटं बारवर! करंगळी आणि तर्जनी हवेत.

लोक वेडे झाले. सगळ्यात पुढे हात जोडून उभी होती माझी भाची, केतकी.

केतकी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्याकडेच राहते आणि वजनं उचलते. पाच आठवड्यांवर राज्याच्या संघाची निवड होती. पोरीचं सगळं वर्ष त्या एका दिवसाकडे लागलेलं. अडचण एकच, मूठ. सरावात ती पहिल्यापासून मनगटाला स्ट्रॅप, म्हणजे ते कापडी पट्टे, बांधत आली. पट्टे लावून एकशे तीस किलो उचलायची. नुसत्या हातानं शंभरावर बोटं उघडायची. आणि स्पर्धेत पट्टे चालत नाहीत.

आमचा ट्रेनर शिवराज, जुन्या हैदराबादी मराठी घरातला, तिला परोपरीनं सांगत होता, "पट्टे वाईट नाहीत गे. पाठीला जड काम द्यायचंय तवा बांध. पन बाकी दिवस नुसता हात. बारला लटक, भरल्या बादल्या धरून चाल. तीन महिने लागतील, हौ."

तीन महिने कुणाकडे होते? महाराजांकडे एकवीस दिवसांत मूठ उतरवणारं व्रत होतं. केतकीनं पट्टे कचऱ्याच्या डब्यात टाकले, गंडे बांधून घेतले आणि महाराजांच्या आज्ञेनुसार मुठीचे सगळे व्यायाम बंद केले. सराव फक्त सोवळ्यानं.

आणि काय सांगू, दहाव्या दिवशी एकशे तीस किलो! "पट्ट्यांशिवाय, मामा! नुसत्या मुठीवर!" पोरगी नाचत घरी आली. मला बसवेना. मी हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये.

"अहो, जमिनीला घट्टे पडतील," आमच्या इंदुताई, म्हणजे आमची बायको, म्हणाल्या. "केतकी, ही लोणच्याची बरणी उघड गं. तुझ्या मामांना काही जमायचं नाही."

केतकीनं झाकण धरलं. पिळलं. पदराला हात पुसावा तसा ओढणीला पुसून पुन्हा पिळलं. झाकण ढिम्म. शेवटी इंदुताईंनीच बरणी घेतली, कडेला दोन चापट्या मारल्या आणि उघडली.

मी जागच्या जागी थांबलो. एकशे तीस किलो धरणारी मूठ बरणीपुढे हात टेकते?

"केतकी, चल बागेत."

"मामा, जेवण—"

"चल म्हणतो ना!"

सोसायटीच्या बागेतल्या आडव्या दांड्याला मी तिला लटकायला लावलं आणि घड्याळ बघत येरझारा घातल्या. बावीस सेकंदांत खाली आली. महिन्यापूर्वी शिवराजच्या वहीत तिचे चोवीस सेकंद होते.

"तुमचा विश्वास नाही ना, म्हणून झालं असं," ती चिडून म्हणाली. "महाराज म्हणतात, संशयी माणूस जवळ असला की शक्ती परत जाते."

"आणि स्पर्धेच्या दिवशी? पंच गंडे सोडायला लावतील तेव्हा?"

"तोवर हाडात उतरेल."

"नाही उतरली तर?"

ती पुन्हा दांड्याकडे बघायला लागली. मला स्वतःचा राग आला. भीती तिलाही होती. ती भीती कुणाजवळ बोलायची सोय नव्हती, म्हणून तर ती त्या भोंदूच्या पायाशी गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी शिवराजला गाठलं. "अरे, तुला काही कळतंय की नाही?"

"सगळं कळतंय सर," तो हळूच म्हणाला. "ते भस्म म्हंजे आपली वजन उचलणाऱ्यांची पांढरी पावडर. घाम शोषते, हात चिकटतो. आपल्या जिममधे तिला बंदी हाय, एसीत जाते म्हणून. त्यामुळं इथं कुणी ती कधी बघितलीच नाय. कापूर टाकून आणली की झालं भस्म! मालकाला बोललो तर बोलले, चूप बसो, गर्दी वाढतीय."

आबिड्सच्या खेळाच्या दुकानातून मी ती पावडर आणली, बेगम बाजारातला कापूर कुटून मिसळला आणि केतकीच्या हातावर ठेवली. तिनं वास घेतला. बोटांत चोळून पाहिली.

"बरं, भस्माचं असेल तसं," ती म्हणाली. "पण त्यांची तीन बोटं? दोनशे किलो?"

"विज्ञानाचा साधा प्रश्न विचारतो. हातात धरलेली वस्तू, मूठ उघडली की काय होतं?"

"पडते."

"महाराजांची कधी पडलीय?"

केतकी आठवायला लागली. दर वेळी बार खाली टेकायचा, मग शाल यायची, घंटा वाजायची आणि शाल गेल्यावर महाराज हात मोकळे करून उभे असायचे. मूठ उघडताना त्यांना कुणीच पाहिलं नव्हतं.

"मी विचारते त्यांना," ती उठून म्हणाली. "तुम्ही नका येऊ मधे. तुम्ही भांडाल."

पुढच्या रविवारी मी मागे भिंतीशी उभा राहिलो. उभा राहिलो म्हणजे काय, या पायावरून त्या पायावर नाचत होतो. वेढे झाले, घंटा झाली, शाल सरली. दोनशे किलो हातात, तीन-तीन बोटं बारवर. जयजयकार सुरू होणार तोच केतकी पुढे झाली. हात जोडलेलेच होते.

"महाराज, एक विनंती. मूठ उघडा."

"काय?"

"सगळी बोटं सरळ करा. खाली रबर आहे, काही मोडणार नाही. बार पडेल ना?"

महाराज हसले. "बेटी, सिद्धीची परीक्षा घ्यायची नसते. नाड्या फाटतात." पण कपाळावर घाम आला होता, आणि बोलण्याच्या नादात बोटं थकून हळूहळू सरळ होत होती. तीन, दोन, एकही नाही. बार जिथल्या तिथे. दोनशे किलो मनगटांना लोंबत होतं, उघडे तळवे अधांतरी.

आधी कुणाला उमगलं नाही. मग अरविंदच ओरडला, "अरे, हात सुटलाय तरी पडत कसं नाही?"

महाराजांनी धाडकन बार खाली आदळला आणि बारसोबत स्वतःही वाकले. शिष्य शाल घेऊन धावला. केतकीनं शालीवर पाय ठेवला. दावणीला बांधलेल्या बैलासारखे महाराज बारशी ओणवे. सात वेढे आपल्या हातानं सोडवताना सगळ्या गर्दीनं त्यांना पाहिलं. शिवराज पुढे आला आणि त्यानं एका गंड्याचं रेशीम उसवलं. आत जाड काळा पट्टा होता. केतकीनं कचऱ्यात टाकला होता, अगदी तसाच.

"म्हणजे," ती पुटपुटली, "मी दोन आठवडे स्ट्रॅपच लावत होते?"

"हौ," शिवराज म्हणाला. "वजन बोटं धरत नव्हती. पट्टा धरत होता. मनगटाला लटकलं होतं सगळं. पट्ट्यात चूक नाय गे. त्याला मूठ म्हणायचं, ही चूक."

महाराज मागच्या दारानं गेले. त्यांची समई अजून जिममध्येच आहे. आणि पावडरीवरची बंदी मालकांनी स्वतःच उठवली.

निवडीला तीन आठवडे उरले होते. केतकी रोज लटकली, बादल्या धरून जिने चढली, तळहात सोलून घेतले. स्पर्धेत नुसत्या हातांनी, साधी पावडर लावून तिनं एकशे दहा उचलले. निवडीला एकशे वीस हवे होते. एकशे वीसचा बार गुडघ्याच्या वर आला आणि तिची बोटं एकेक करून उघडली. बार पडला. संघात दुसऱ्या मुली गेल्या.

परतताना रिक्षात ती रडली, आणि खोटं कशाला सांगू, मीही रडलो. गेलेले ते दोन आठवडे कुणी परत देणार नव्हतं. फसवणाऱ्यानं काय नेलं, तर नेमके ते दोन आठवडे.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला उठवलं. "मामा, बागेत चला. घड्याळ घ्या." दांड्याला लटकली. एकतीस सेकंद.

तेव्हा वाचकहो, कुणी वरून उतरलेली शक्ती दाखवू लागला, तर भांडू नका आणि लोटांगणही घालू नका. हात जोडायचे असतील तर जोडा, पण डोळे उघडे ठेवून एवढंच म्हणा: महाराज, मूठ उघडा.