तीन व्होल्ट कुणी खाल्ले?

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे, आणि खरे सांगायचे तर फार भित्रा आहे. माझ्या तारांची टोके टेकवाल तिथे किती व्होल्ट आहेत, ते माझा बारीक काटा दाखवतो. लोक माझ्या शब्दावर विसंबून समुद्रावर जातात, म्हणून मला भीती वाटते.

एका कारखान्यात बायकांनी भिंगातून बघत माझ्यात केसाएवढी स्प्रिंग बसवली. पुढे मी उत्तर नॉर्वेच्या एका बेटावर एलिफ यांच्याकडे आलो. ते बंदरातले दिवे सांभाळत. "हा कधी खोटं बोलत नाही," असे ते चारचौघांत सांगत आणि मी फुशारून जाई. ते गेल्यावर अकरा वर्षे मी गळांच्या खणात पडून होतो. काच तडकली. आपले दिवस भरले असेच मला वाटू लागले.

एका जानेवारीत त्यांच्या मुलीने, राग्नफ्रिडने, तो खण उघडला. तिचा थोरला भाऊ तोर्मोद एकटाच कॉड मासे धरायला जातो. गेल्या हिवाळ्यात त्याच्या बोटीची बॅटरी नकळत उतरली, इंजिन सुरू होईना, आणि बोट खडकांकडे वाहत गेली. ऐनवेळी दुसऱ्या बोटीने ओढून आणली म्हणून तो वाचला. तेव्हापासून राग्नफ्रिडची झोप उडाली होती.

तिने एक घंटा आणली. साडेपाच व्होल्टच्या खाली गेले की ती वाजायची. बोटीची बॅटरी मात्र बारा व्होल्टची. म्हणून राग्नफ्रिडने वीज अडवणारे, एक एक लाख ओहमचे दोन रेझिस्टर एकाखाली एक जोडले आणि मधून तार काढली. दोन्ही सारखे, म्हणजे मध्ये निम्मे, सहा. बॅटरी अकरावर उतरली की मध्ये साडेपाच, आणि मग घंटा.

कॉफीची किटली बाजूला सारून तिने माझी टोके टेकवली. बॅटरीवर बारा. खालच्या रेझिस्टरवर मात्र पाचसुद्धा नाहीत.

"असं कसं? सहा हवेत!" ती पुटपुटली. तिने खालचा काढून दोन लाखांचा लावला. काटा सहावर आला. "जमलं! बाबांचा मीटर आहे, चुकायचा नाही."

मित्रांनो, माझ्या काळजाचे पाणी झाले. मोजताना मी स्वतः थोडी वीज पितो. एरवी ते कळत नाही. पण लाखाच्या रेझिस्टरमधून वीज वाहते जेमतेम, तिथे माझा घोटही जड पडतो. माझी टोके उचलली की मध्ये सहा नव्हे, आठ व्होल्ट होणार होते. बॅटरी पार मेली तरी घंटा गप्पच राहणार होती. तोर्मोद सकाळी निघणार होता, आणि मला तोंड नव्हते.

तेवढ्यात तोर्मोदच बूट आपटत आत आला.

"झालं का तुझं खेळणं?"

"खेळणं म्हणे! गेल्या वर्षी ओढून आणलं तुला, तेव्हा कुठे होती ही ऐट?"

त्याने हसत वॅफल उचलले, वर तपकिरी चीज ठेवले. "खाली किती?"

"सहा."

"आणि वर?"

"वरचं कशाला? घंटा खालच्यालाच जोडायची."

"वा गं वा! बोटीवर माशांचे दोन वाटे केले की आम्ही दोन्ही तोलतो आणि बेरीज जुळवतो. एकच वाटा तोलणाऱ्याला बंदरात कुणी उभं करत नाही. टेकव."

काटा तीनवर थांबला.

"सहा नि तीन नऊ. बॅटरी बाराची. तीन व्होल्ट कुणी खाल्ले?"

 राग्नफ्रिडने पुन्हा मोजले. पुन्हा नऊच. ती माझ्याकडे बघत राहिली. आता ही मला भंगारात टाकणार, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला.

"हाच पितोय," ती हळूच म्हणाली. "आणि मी तुला याच्या भरवशावर पाठवणार होते."

"मग फेक की त्याला."

"फेकू कशाला? दहा दहा हजारांचे लावते. वीज भरपूर वाहिली की याच्या घोटाने फारसं बिघडायचं नाही."

आता खाली सहाला जरा कमी, वरही तेवढेच. बेरीज बाराच्या जवळ. मग तिने घंटा जोडली, बॅटरी उतरावी म्हणून तिच्यावर मोठा दिवा लावून ठेवला आणि मला बॅटरीला टेकवले. काटा हळूहळू उतरला. अकरावर येताच घंटा वाजली. बॅटरी पुन्हा भरेपर्यंत थांबून तोर्मोद एक दिवस उशिरा निघाला.

फेब्रुवारीत तो भरदुपारी रिकाम्या हाताने परतला. बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोचा पट्टा तुटला होता. "कान किटले त्या घंटेने!" तो दारातूनच ओरडला.  राग्नफ्रिडने त्याची ओली बाही घट्ट धरली, बराच वेळ सोडलीच नाही.

मित्रांनो, माझ्या तारा जपा, मला ओलाव्यात टाकू नका. पण एकट्या माझ्या शब्दावर कुणाला समुद्रात पाठवू नका. दोन्ही बाजू मोजा, बेरीज करा. माझे चुकते तेव्हाही काटा तितक्याच ठामपणे उभा असतो, आणि मला ओरडून सांगता येत नाही.