कानसेन आणि माझा सैल पट्टा

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. चष्म्यांच्या दुकानामागे एक खोली आहे. तिथे भिंगं घासायच्या यंत्राशेजारच्या बुटक्या कपाटावर माझा मुक्काम असतो. मला कान नाहीत, एक सुई तेवढी आहे. तरीही या खोलीत दर रविवारी जमणाऱ्या जॅझच्या जाणकारांपेक्षा मी जास्त ऐकलं आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. त्यांच्याबद्दल मी गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. निळा ॲप्रन घातलेल्या एका बाईंनी मला जोडलं. मोटर आणि वरची फिरती थाळी यांच्याभोवती त्यांनी एक रबरी पट्टा चढवला आणि शेजारच्या नव्या मुलीला म्हणाल्या, "हे बघ, याचा सगळा जीव या पट्ट्यात आहे. पट्टा ताठ तर सूर ताठ. सैल पडला की थाळी रेंगाळते, गाणं संथ होतं आणि प्रत्येक सूर खाली येतो."

"मग पट्टा बदलायचा?"

"दर चार-पाच वर्षांनी. पुस्तिकेत लिहिलंय. पण पुस्तिका वाचतंय कोण!"

त्या बाईंचं हे वाक्य मी विसरलो नाही. माझ्या मालकांनी पुस्तिका उघडलीच नाही. ती कपाटाचा पाय डुगडुगू नये म्हणून त्याच्याखाली घातली. आजही ती तिथेच आहे.

मालक म्हणजे चष्मेवाले. माणूस तसा वाईट नाही. भिंगं पुसायच्या मऊ फडक्याने ते मला रोज पुसायचे. सुरुवातीची वर्षं आम्ही दोघंच होतो आणि ते खरंच ऐकायचे. गिऱ्हाइकाचा चष्मा घासता घासता एखादं गाणं आवडलं, तर घासायचं यंत्र बंद करून स्वस्थ बसायचे. ते दिवस आठवले की मला अजून भरून येतं.

पुढे त्यांना मित्र मिळाले आणि ऐकणं संपलं.

मंडळी रविवारी चार वाजता जमते. रिवाज असा की चहाचा पहिला घोट घेऊन एकाने विचारायचं, "सध्या काय ऐकताय?" मग प्रत्येकाने आपला अल्बम पिशवीतून काढून दाखवायचा. त्यातलं एकच गाणं लागतं, तेही एकदाच. पुन्हा लावायचं नाही, कारण मग बोलायला वेळ उरत नाही. गाणं चार मिनिटांचं आणि चर्चा चाळीस मिनिटांची. ती चर्चाही गाणं संपायची वाट पाहत नाही.

सर्वांत मोठा आवाज दातांच्या डॉक्टरांचा. आठवडाभर त्यांच्यासमोर माणसं तोंड उघडं टाकून निजलेली असतात, त्यामुळे कुणी उलट उत्तर देईल याची त्यांना सवयच नाही. दुसरे सर, म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. ट्रम्पेट वाजू लागला की तो वाजवणारा कुठल्या गावचा आणि त्या गावात पाऊस किती पडतो ते सांगतात. तिसऱ्याला सगळे पहिलीछाप म्हणतात, कारण रेकॉर्डची पहिली छपाई सोडून तो दुसरी हातात धरत नाही. दुकानातलं भिंग मागून घेऊन तो रेकॉर्डच्या मधल्या भागावर कोरलेले आकडे वाचत बसतो. एका रविवारी "सध्या हा ऐकतोय" म्हणून त्याने जो अल्बम वर धरला, त्यावरचं प्लास्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं. कुणी हसलं नाही. माना डोलावल्या सगळ्यांनी! यांना कानसेन म्हणायचं तर बहिऱ्यांनी काय घोडं मारलंय?

अशात माझा पट्टा सैल पडला. एका दिवसात नाही, हळूहळू. थाळी मागे पडू लागली, गाणी रेंगाळू लागली आणि बघता बघता प्रत्येक सूर अर्ध्या पट्टीने खाली आला. मला वाटलं, आता यांच्या लक्षात येईल. डॉक्टर डोळे मिटून म्हणाले, "हाच अल्बम घरी किती घाईत वाटतो! इथे बघा कसा श्वास घेतोय." सर म्हणाले, "यंत्राचा स्वभावच शांत आहे." मग सरांनी त्या संथपणावर चार पानी लेख लिहिला आणि त्याच्या झेरॉक्स प्रती सगळ्यांना वाटल्या. माझ्या दुखण्याला यांनी माझा स्वभाव ठरवलं. आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला ते कौतुक आवडत होतं. म्हाताऱ्याला कुणी तरुण म्हटलं की तो आरशात बघत नाही, तसं माझं झालं.

त्या कौतुकाची किंमत चष्मेवाल्यांच्या धाकट्या बहिणीने मोजली.

ती नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होती आणि संध्याकाळी सॅक्सोफोन वाजवायची. चौघांचा लहानसा बँड होता. दोन दिवस सुट्टी टाकून त्यांनी एक रेकॉर्ड केली, मोजक्या तीनशे प्रती. पहिली प्रत घेऊन ती धावत इथे आली, कारण तिच्या घरी माझ्यासारखं यंत्र नव्हतं. चष्मेवाल्यांनी रेकॉर्ड माझ्यावर ठेवली. ती दाराशी उभी राहिली, कोटाच्या खिशात हात घालून. मी वाजवलं, आणि जसं वाजवलं ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

गाणं संपल्यावर चष्मेवाले म्हणाले, "सूर जरा पडलाय गं. वाजवण्यात जोरही नाही. पण प्रयत्न चांगला आहे."

प्रयत्न चांगला आहे! यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बँडमधल्या बाकीच्यांनी रेकॉर्ड चांगली झाली म्हणून सांगितलं होतं, पण ते बिचारे मन राखायला म्हणत असतील असं तिला वाटलं. दादाचं जॅझमधलं ज्ञान मोठं, म्हणून तिने दादाचं खरं धरलं. सॅक्सोफोन पेटीत गेला आणि पेटी पलंगाखाली. अकरा वर्षं तो तिथे राहिला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते अंगण म्हणजे मी.

गेल्या महिन्यात एका रविवारी ती चार वाजता आली. हातात ती रेकॉर्ड होती आणि पाठीला पेटी. दारातल्या खुंटीला तिने पेटी अडकवली आणि बसली. चहा झाल्यावर डॉक्टर गमतीने म्हणाले, "काय ताई, तुम्ही सध्या काय ऐकताय?"

"माझंच," ती म्हणाली. "आमची पियानोवाली चौघांना पुन्हा गोळा करतेय. बेकरीमागच्या हॉलमध्ये वाजवायचंय, पुढच्या रविवारच्या पुढचा रविवार. तिला उद्यापर्यंत हो की नाही ते सांगायचंय. म्हटलं, आधी एकदा ऐकावं. खरंच इतकी वाईट होते का मी?"

चष्मेवाल्यांनी रेकॉर्ड लावली, शेवटचं गाणं. आणि त्या तिघांनी तिच्या तोंडावर सुरू केलं. "आत्मविश्वास कमी पडतोय," डॉक्टर म्हणाले. सर म्हणाले, "थंड हवेच्या गावांतली माणसं अशी दबून वाजवतात." पहिलीछाप म्हणाला, "दुसरी छपाई निघालीच नसेल, नाही का?" उचलली जीभ लावली टाळ्याला! ती मान खाली घालून ऐकत होती. तिघांना नव्हे, मला. त्या खोलीत कित्येक वर्षांनी कुणीतरी मला ऐकत होतं.

शेवटचा लांब सूर आला आणि ती ताडकन उठली.

"दादा, पुन्हा लाव."

"एकदाच लावायचा रिवाज आहे," डॉक्टर म्हणाले.

"असू दे," म्हणत तिनेच माझी सुई उचलली, पेटी उघडली आणि सॅक्सोफोन गळ्यात अडकवला. पेटीतला सॅक्सोफोन लखलखत होता. कुणाला न सांगता त्याच्या छिद्रांवर बसणाऱ्या सगळ्या गाद्या बदलून आणल्या होत्या तिने. माझ्या लक्षात आलं, हिला वाजवायचं होतं. नुसतं कुणीतरी वाजव म्हणायला हवं होतं.

"हे गाणं मी माझ्या सॅक्सोफोनच्या सगळ्यात खालच्या सुरावर संपवलं होतं," ती म्हणाली. "सगळी बोटं मिटली की हा सूर येतो. याच्या खाली यात सूरच नाही. ऐका."

पहिल्यांदा नुसती फुसफुस झाली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा सूर लागला, जाड आणि स्थिर, कपाटावरच्या कपबश्या थरथरल्या. मग तिने सुई गाण्याच्या टोकाशी ठेवली. माझा सूर तिच्या सुराच्या खाली वाजला. फरक इतका ढळढळीत होता की डॉक्टरांनासुद्धा ऐकू आला.

"जो सूर माझ्या वाद्यात नाहीच, तो मी वाजवला कसा?" तिने विचारलं.

चष्मेवाल्यांनी माझी थाळी उचलली. खाली पट्टा लोंबत होता, जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा. त्यांनी तो बोटावर घेतला. डोळ्यांजवळ धरून पाहिला. दिवसभर दुसऱ्यांची नजर तपासणारा माणूस तो.

"दादा, माझा सूर पडला नव्हता," ती म्हणाली. रडत नव्हती. रागावली होती, आणि मला ते फार बरं वाटलं.

"नव्हता गं," ते म्हणाले. "माझं चुकलं. अकरा वर्षं चुकलं."

तिने तिथूनच पियानोवालीला फोन लावला आणि दोनच शब्द बोलली, "येते मी." नव्या पट्ट्याची वाट पाहायची तिला गरज वाटली नाही.

आणि ते तिघं? डॉक्टर म्हणाले, "तरीपण त्या संथपणात काहीतरी होतंच." सरांनी आपला लेख गुपचूप पिशवीत सरकवला. पहिलीछापने विचारलं, "पट्टा मूळचाच आहे का? मग टाकू नका." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

मंगळवारी मला नवा पट्टा मिळाला. पुढच्या रविवारी तिघांनी तक्रार केली की माझ्यातली ऊब गेली. त्याच्या पुढच्या रविवारी चार वाजता चष्मेवाल्यांनी कोट घातला, दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मी बेकरीमागे चाललोय. येताय का?"

"आजची चर्चा तिच्या अल्बमवरच ठेवली आहे हो," डॉक्टर म्हणाले. "पूर्वतयारी करून आलोय."

चष्मेवाले एकटेच गेले. तिघांनी तिची रेकॉर्ड माझ्यावर लावली. मी ताठ पट्ट्याने, ताठ सुरात वाजवली. "अप्रतिम!" डॉक्टर म्हणाले. "हिला प्रत्यक्ष ऐकायला हवं होतं," सर हळहळले. त्या वेळी दोन गल्ल्यांपलीकडे ती वाजवत होती. खिडकी उघडी ठेवली असती तरी ऐकू आलं असतं. पण पहिलीछापने उठून खिडकी लावून घेतली, बाहेरचा आवाज येतो म्हणून.

मित्रांनो, यंत्राचा पट्टा वेळेवर बदला. कुणाचा सूर पडलाय असं वाटलं, तर आधी आपली थाळी उचलून बघा. आणि जवळपास कुणी खरोखर वाजवत असेल, तर माझी एवढी विनंती ऐका. माझ्यावर उपकार म्हणून तरी मला बंद करा, आणि जा.