वाकून बघणारा

दलदल कार्बन पोटात जिरवते की उलट हवेत ओकते, हे बाई चिखलावर काचेचा डबा पालथा घालून मोजायच्या. सामान वाहायला नवरा. डबा टेकवताना तो हमखास वाकून बघायचा, मीटरवरचा कार्बनचा आकडा फुगायचा आणि बाई खेकसायच्या, “अहो, तोंड तिकडे करा! तुमचा श्वास मोजायला आलोय का आपण?” मग तो आकडा खुशाल खोडून टाकायच्या.

मागच्या थंडीत नवरा गेला. यंदा बाई एकट्याच चिखलावर टाकलेल्या फळीवर गुडघे टेकून बसल्या. स्वतःचाही श्वास रोखून त्यांनी डबा टेकवला. आकडा तस्साच फुगला. पुन्हा टेकवला, पुन्हा फुगला.

म्हणजे दलदल कधीचीच ओकत होती, आणि खापर त्या बिचाऱ्यावर!

“या, बघा वाकून,” बाई शेजारच्या रिकाम्या फळीला म्हणाल्या.