सतरा कागद आणि एक घड्याळ

दादाने हृदयाच्या गोळ्या सोडायचं ठरवलं होतं, आणि एकदा ठरवलं की तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. त्या दुपारी तो बहिणीच्या वाचनालयात सतरा लेखांचे कागद घेऊन हजर झाला. ड जीवनसत्त्व घ्या, हृदय ठणठणीत ठेवा, असं सतराही कागदांवर छापलेलं.

"सतरा जण खोटं बोलतील होय गं?" जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो. खिशातली गोळ्यांची डबी त्याने टेबलावर ठेवली. आजचा कप्पा भरलेलाच होता.

बहिणीने तो पाहिला. पण वैद्यकीय महाविद्यालयातली ग्रंथपाल ती, वाद न घालता तिने पेन्सिल उचलली. लेखकाने माहिती कुठून उचलली ते शोधायचं आणि तिकडे बाण काढायचा, ही तिची जुनी खोड. हा लेख त्याच्यावरून, तो तिसऱ्यावरून. तासाभरात सगळे बाण एकाच जुन्या अहवालापाशी येऊन थांबले. हृदयरोग्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी सापडलं, एवढंच त्यात होतं. त्यामुळेच रोग होतो असं म्हणता येत नाही, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. ते वाक्य सतराही जणांनी गाळलं होतं.

दादाने बाणांवरून बोट फिरवलं. "म्हणजे घड्याळ एकच. बाकी सगळे आरसे." मग हळूच म्हणाला, "खरं कळायचं तरी कसं?"

तिने दुसरा अहवाल काढला. "पंचवीस हजारांवर माणसं. निम्म्यांना ड जीवनसत्त्व, निम्म्यांना तशीच दिसणारी, आत औषध नसलेली पोकळ गोळी. कुणाला कुठली, ते घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही. पाच वर्षं."

"आणि?"

"हृदयविकाराचे झटके दोन्हीकडे जवळपास सारखेच."

हे तिने कितीदा वाचलं होतं. आज भावासमोर मोठ्याने बोलताना मात्र ती माणसं तिला डोळ्यांसमोर दिसली. हजारो घरं, हजारो पाण्याचे पेले, रोज.

"पाच वर्षं?" दादाने विचारलं. "आपली गोळी खरी की पोकळ हे न कळता? कुणासाठी गं?"

"तुझ्यासाठी, दादा. ती माणसं तुला ओळखतही नव्हती."

दादाने डोळे पुसले. मग डबीतला आजचा कप्पा उघडला.

"पाणी दे," तो म्हणाला. "माझी खरी आहे, हे मला माहीत तरी आहे."