अर्धा ठोका मागे

खाज्याने काठी उचलली आणि हवेतच धरली. ओळीतल्या अकरा बायकांचे पाय पुढे पडले होते; मधल्या चमेलीबाईचा पडायचा होता. तो पडला, तेव्हाच त्याने ढोलावर ठोका दिला.

"हात आखडला का रे तुझा?" कडेच्या रेशमाने विचारले.

"वय झालं," खाज्या म्हणाला. तो तिशीचा होता.

चमेलीबाई ही रेशमाची वहिनी. पाऊस सरल्यापासून ती भिंतीला पाठ लावून बसून असे. चूल पेटवत नसे, बोलत नसे. नवरा तेरसिंग तिला घेऊन यावलच्या दवाखान्यापर्यंत चालत गेला. डॉक्टरांनी बाटली दिली आणि विचारले, "तुम्ही लोक नाचता ना? हिलाही घ्या. पण औषध थांबवू नका. नाच त्याच्या जोडीला."

माहेरचा निरोप आला होता. होळीला बाप येणार होता; तोवर ती सावरली नाही तर परत नेणार होता. एकदा नेलेली बाई सहसा परत येत नसे. तेरसिंग हे कुणाशी बोलला नाही. रोज दिवस कलला की तिला हात धरून मोहाच्या झाडाखाली आणी आणि नाच संपेपर्यंत कडेला बसून राही.

बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून नाचत. मधली बाई पडू शकत नसे. धूळ गुडघ्यापर्यंत चढे, तिच्यात तिरपे ऊन तरंगे आणि ओळ त्या उन्हात पाण्यासारखी हले. चमेलीबाईचा पाय अर्धा ठोका मागे पडे. मग खाज्याचा ठोका मागे पडू लागला. मग शेजारणींचे पाय. फाल्गुन लागेतो सगळ्या ओळीचेच. कुणी तसे ठरवले नव्हते.

शेजारच्या पाड्यावरचा वना एकदा पाहून गेला.

"काय रे, तुमच्याकडे झोपेत नाचतात का?"

खाज्याच्या ढोलाला सात पाड्यांत मान होता. त्याने ढोलाची दोरी आवळली.

"आमची जमीनच जड आहे," तो म्हणाला.

होळीच्या दिवशी ऊन असतानाच बाप आला. तेरसिंगशेजारी बसला. ओळ पुढे आली, मागे गेली. सगळ्यांची डोकी पदराखाली, सगळ्यांचे पाय एकदम. त्याने डोळे बारीक केले.

"यात आमची कुठली?"

तेरसिंगने बोट दाखवले नाही.

तेवढ्यात ओळीच्या मधून एक मान ढोलाकडे वळली.

"खाज्या, किती रेंगाळतोस? म्हशी हाकतोयस का?"

आवाज बसलेला होता, पण स्पष्ट ऐकू आला. रेशमाचा पाय चुकला. तेरसिंग अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

"चुकलंच, वहिनी," खाज्या म्हणाला आणि त्याने ठेका चढवला. ओळीतल्या बायका धडपडल्या; चमेलीबाई तेवढी ठेक्यात होती.

बाप बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने तिचे कपडे बांधून नेण्यासाठी आणलेले फडके घडी करून मांडीखाली सारले.

"जीभ तिखट आहे तिची," तो तेरसिंगला म्हणाला. "सांभाळून घ्या."